अमेरिकेतल्या घरातला थर्मोस्टॅट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्या-मुंबईत पंख्याचा रेग्युलेटर आणि एसीचा रिमोट एवढंच हाताळलेलं असतं, आणि तेही खोलीपुरतं. इथे आल्यावर हॉलच्या भिंतीवरचा एक छोटा डबा अख्ख्या घराचं तापमान ठरवतो, आणि दर महिन्याला गॅस-विजेचं बिल किती येणार हेही बऱ्याच अंशी तोच ठरवतो. नव्याने आलेली मंडळी तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहिली आहेत. सगळे आकडे फॅरनहाइटमध्ये आहेत. न्यू जर्सी, शिकागोसारख्या थंड भागाचा विचार जास्त केला आहे, कारण खरी फजिती हिवाळ्यात होते.

हा डबा नेमकं करतो काय?

आपल्याभोवतीच्या हवेचं तापमान मोजतो, तुम्ही दिलेल्या आकड्याशी ताडून पाहतो आणि बेसमेंटमधल्या फर्नेसला (घराची हवा तापवणारी भट्टी) किंवा बाहेरच्या एसीला ‘चालू हो’ किंवा ‘थांब’ एवढंच सांगतो. म्हणजे तो एक बटण आहे, फक्त स्वतःहून दाबलं जाणारं. बहुतेक घरांत हा निरोप २४ व्होल्टच्या बारीक तारांतून जातो.

जुन्या घरात कदाचित हनीवेलचा गोल थर्मोस्टॅट भिंतीवर दिसेल. ते मॉडेल १९५३ मध्ये बाजारात आलं आणि त्याच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये काचेच्या छोट्या नळीत पारा असतो. असा थर्मोस्टॅट काढलात तर कचऱ्यात टाकू नका. काउंटीच्या घातक कचरा केंद्रावर नेऊन द्या.

घाईने घर तापवायचंय. ८० वर ठेवलं तर लवकर तापेल ना?

नाही. साधी फर्नेस ७० मागितले तरी तेवढ्याच जोराने जळते आणि ८० मागितले तरी तेवढ्याच. आकडा वाढवल्याने ती फक्त जास्त वेळ चालत राहते, मग तासाभराने कोणीतरी घाम पुसत खिडकी उघडतं. दोन टप्प्यांच्या (कमी आणि जास्त जोराने चालणाऱ्या) फर्नेसमध्ये आणि हीट पंपात (तो काय ते पुढे येतंच) मोठी उडी मारली की जास्तीची उष्णता खरोखर सुरू होते, पण तिथेही ७० पुरे असतील तर ८० मागण्यात काही हशील नाही.

फॅरनहाइटचा अंदाजच येत नाही. काय करू?

पाच आकडे पाठ करा : ५० म्हणजे १० सेल्सिअस, ५९ म्हणजे १५, ६८ म्हणजे २०, ७७ म्हणजे २५ आणि ८६ म्हणजे ३०. दर ९ फॅरनहाइटला ५ सेल्सिअस वाढतात, मधलं आपोआप जमतं. बऱ्याच थर्मोस्टॅटवर सेल्सिअस निवडायची सोय असते, पण मी तरी ती वापरू नका म्हणेन. शेजारी, घरमालक, दुरुस्तीला येणारा माणूस आणि टीव्हीवरचं हवामान, सगळे फॅरनहाइटमध्येच बोलतात.

हिवाळ्यात किती ठेवावं आणि उन्हाळ्यात किती?

हिवाळ्यात घरात जागे असताना ६८ ते ७०, झोपताना आणि घराबाहेर असताना त्याहून कमी, असा अमेरिकी ऊर्जा खात्याचा सल्ला आहे. १९७७ च्या फेब्रुवारीत गॅसची टंचाई असताना राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी स्वेटर घालून टीव्हीवरून दिवसा ६५ आणि रात्री ५५ ठेवण्याचं आवाहन केलं होतं. रात्री ५५ म्हणजे मला तरी फारच थंड वाटतं. बहुतेक मराठी घरांत दिवसा ६८ ते ७१ आणि रात्री ६४ च्या आसपास सगळ्यांचं जमून जातं, पांघरूण मात्र नीट हवं.

उन्हाळ्यात ७८ हा आकडा तुम्ही ऐकाल. इथे वाढलेल्यांना तो उकाडा वाटतो, नागपूरचा मे काढलेल्याला त्यात काही वाटत नाही. खोलीत छताचा पंखा असेल तर थर्मोस्टॅट साधारण ४ अंश वर ठेवला तरी तेवढंच बरं वाटतं. मात्र पंखा माणसाला गार करतो, खोलीला नाही. खोलीतून बाहेर पडताना तो बंद करायची आपली जुनी सवय इथेही चालू ठेवा.

रात्री कमी करून सकाळी परत तापवायला उलट जास्त गॅस लागतो, असं सगळेच म्हणतात. खरं का?

पॉटलकला हमखास निघणारा वाद आहे हा, आणि दोन्ही बाजू इंजिनिअरच असतात! गॅसवर चालणाऱ्या फर्नेसपुरतं बोलायचं तर उत्तर स्पष्ट आहे : नाही, कमीच लागतो.

तळाशी भोक असलेली बादली डोळ्यांपुढे आणा. पाणी जितकं वरपर्यंत भरलेलं, तितकी धार जोरात. रात्रभर ती काठोकाठ ठेवायची तर रात्रभर ओतत राहावं लागेल. पातळी खाली जाऊ दिली तर गळतीही मंदावते, आणि सकाळी एकदाच भरावं लागतं. एकूण पाणी दुसऱ्या प्रकारात कमी लागतं. घरातली उष्णता बाहेर जाते तीही अशीच, आत-बाहेरच्या तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात. सकाळी फर्नेस सलग तासभर चालते ते आपल्याला ऐकू येतं, म्हणून ते महाग वाटतं. रात्री ती कितीदा लागली नाही, हे काही ऐकू येत नाही.

दिवसातले ८ तास ७ ते १० अंश कमी ठेवले तर वर्षाच्या हीटिंग-कूलिंगच्या खर्चात १० टक्क्यांपर्यंत बचत होते, असं ऊर्जा खातं सांगतं. ‘पर्यंत’ हा शब्द लक्षात घ्या. जिथे हिवाळा सौम्य आहे तिथे टक्केवारी जास्त दिसते, मिनेसोटासारख्या ठिकाणी कमी.

पण ही गोष्ट हीट पंपाला जशीच्या तशी लागू होत नाही. वाफेचे जुने रेडिएटर किंवा जमिनीखालचं हीटिंग असेल तर घर तापायलाच इतका वेळ लागतो की मोठी चढउतार करून त्रासच जास्त.

आमच्याकडे हीट पंप आहे की फर्नेस, हे कसं ओळखायचं?

बाहेरचं युनिट जानेवारीतही फिरत असेल आणि थर्मोस्टॅटवर ‘ऑक्स’ किंवा ‘इमर्जन्सी हीट’ असं काही दिसत असेल, तर हीट पंप आहे. कॅरोलायना, जॉर्जियाकडच्या घरांत हे फार आढळतं आणि आता उत्तरेतही वाढतंय.

हीट पंप उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली ओढून आत आणतो, म्हणून तो स्वस्तात चालतो. पण एकदम ८ अंश वाढवा म्हटलं की बरेच थर्मोस्टॅट मदतीला विजेची कॉइल लावतात. तेच ते ‘ऑक्स’. त्यात एक युनिट विजेला एक युनिटच उष्णता मिळते, आणि रात्रभर वाचवलेलं सकाळच्या तासाभरात जाऊ शकतं. म्हणून हीट पंप असेल तर रात्री दोन-तीन अंशच कमी करा किंवा दिवसरात्र एकच आकडा ठेवा. सेटिंगमध्ये ‘बाहेर अमुक तापमानाच्या वर असताना ऑक्स लावू नको’ असं सांगायची सोय असते. ती कुठे लपली आहे हे शोधण्यात अर्धा तास घालवलात तरी वसूल होतो.

‘इमर्जन्सी हीट’ मात्र फक्त पंप बंद पडला असेल तेव्हाच. खूप थंडी आहे म्हणून ते लावायचं नसतं. नावामुळे दरवर्षी कोणीतरी फसतं आणि बिल बघून हादरतं.

थंडीत मधूनच बाहेरच्या युनिटमधून वाफ निघते. ते त्यावर साचलेलं बर्फ वितळवणं असतं. घाबरून ९११ ला फोन करू नका.

शेड्यूल लावायचं कसं?

बहुतेक थर्मोस्टॅट दिवसाचे चार भाग करतात : उठणं, बाहेर जाणं, परत येणं, झोपणं. प्रत्येकाला वेळ आणि आकडा द्यायचा. अडचण बटणांची नसतेच. आपण कागदावर आदर्श घराचं शेड्यूल लावतो आणि राहतो दुसऱ्याच घरात. दोघांपैकी एक मंगळवार ते गुरुवार ऑफिसला जातो, दुसरी पूर्ण वेळ घरून काम करते, मुलं साडेतीनला बसमधून उतरतात. असं असेल तर ‘बाहेर जाणं’ हा भाग तुमच्याकडे नाहीच, तो काढून टाका. आधी एक आठवडा घरात कोण केव्हा असतं ते लिहून काढा आणि मग बटणं दाबा.

तीन गोष्टींवर हटकून गाडी अडते. सकाळी ६ ला ७० असं लावलं, तर काही थर्मोस्टॅट ६ ला तापवायला सुरुवात करतात आणि काही आधीच सुरू करून ६ ला ७० गाठतात. तुमचा कुठला, ते सेटिंगमध्ये ‘रिकव्हरी’ नावाखाली सापडेल. दुसरं, आकडा हाताने बदलला की तो पुढच्या भागापर्यंतच टिकतो, पण ‘होल्ड’ दाबलंत तर शेड्यूल कायमचं बाजूला पडतं. महागडा थर्मोस्टॅट घेऊन वर्षभर होल्डवर चालवणारी कितीतरी घरं आहेत. लोक शेड्यूल नीट वापरत नाहीत म्हणून अपेक्षित बचत दिसेना, आणि २००९ च्या अखेरीस एनर्जी स्टार या अमेरिकी सरकारच्या ऊर्जाबचत योजनेने प्रोग्रॅमेबल (म्हणजे असं शेड्यूल लावता येणाऱ्या) थर्मोस्टॅटना आपलं लेबल देणंच थांबवलं. तिसरं, वायफाय नसलेल्या काही थर्मोस्टॅटवर मार्च आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळ हाताने बदलावं लागतं.

आई-बाबा भारतातून सहा महिन्यांसाठी आलेत. त्यांना सारखी थंडी वाजते. काय करायचं?

सगळ्यात आधी शेड्यूल बदला. तुम्ही कामावर गेलात की थर्मोस्टॅट घर रिकामं समजून ६२ वर उतरतो आणि ते दोघं शाल घेऊन सोफ्यावर बसलेले असतात. संध्याकाळी तुम्ही येईपर्यंत परत ७० झालेलं असतं, त्यामुळे तुम्हाला पत्ताच लागत नाही. ते सांगतही नाहीत, ‘तुमचं बिल वाढेल’ म्हणून. हालचाल ओळखून स्वतःच ‘बाहेर’ मोडमध्ये जाणारे थर्मोस्टॅट तर आणखी गोंधळ घालतात, कारण दुपारी आई-बाबा वरच्या खोलीत आडवे होतात आणि खालच्या हॉलमधल्या डब्याला कोणीच दिसत नाही. ते आहेत तोवर ही सोय बंद करा.

वयस्कर माणसं असलेल्या घरात किमान ६८ तरी ठेवावं, असं अमेरिकेची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन एजिंग सांगते. उतारवयात शरीराला थंडीची जाणीवही उशिरा होते. त्यात आपली माणसं अनवाणी फिरणारी. जाड मोजे किंवा घरातल्या सपाता पहिल्याच दिवशी आणून द्या.

थर्मोस्टॅटला लॉक लावू नका. वर-खाली करायची दोन बटणं दाखवा आणि शेजारी मराठीत चिठ्ठी चिकटवा : ‘थंडी वाजली तर वरचं बटण दोनदा.’ बिलात पडणारा फरक त्यांच्या येण्या-जाण्याच्या तिकिटापुढे काहीच नाही.

त्यांच्या खोलीत थंडी जास्त असेल तर जमिनीतल्या जाळीवर रिकामी सुटकेस ठेवलेली नाही ना, ते बघा. पाहुण्यांच्या खोलीत गरम हवा अडण्याचं हेच कारण बऱ्याचदा सापडतं. छोटा हीटर द्यायचाच असेल तर तो थेट भिंतीतल्या प्लगमध्ये लावा, एक्स्टेन्शनवर नाही, आणि पांघरूण-पडद्यापासून ३ फूट लांब ठेवा.

वरचा मजला भट्टी, खालचा बर्फ. थर्मोस्टॅट बिघडलाय का?

बहुधा नाही. तो जिथे बसवलाय तिथलंच तापमान त्याला कळतं. ऊन येणारी भिंत, बाहेरचं दार, डोक्यावर गरम हवेची जाळी, शेजारी टीव्ही यांतलं काहीही त्याला चकवतं. हॉलच्या कोपऱ्यात देवघर मांडलं असेल आणि नेमका वर थर्मोस्टॅट असेल, तर रोज संध्याकाळी समईच्या उबेने तो घर तापलंय असं समजून फर्नेस बंद करतो. देवघर हलवणं थर्मोस्टॅट हलवण्यापेक्षा सोपं. डब्यामागून तारा येतात ते भोकही बघा. भिंतीच्या पोकळीतली गार हवा तिथून आत येत असेल तर आकडा चुकतो. थोडी पुट्टी भरली की काम झालं.

बाकीचा उपाय हवा फिरवण्याचा. फॅन ‘सर्क्युलेट’वर ठेवला तर तो तासातला काही वेळ मजल्यांमधली हवा मिसळतो. डक्टला (हवा नेणाऱ्या नळाला) डॅम्पर, म्हणजे हवा कमी-जास्त करायच्या झडपा, असतील तर हिवाळ्यात वरच्या मजल्याची हवा थोडी कमी करा, उन्हाळ्यात उलट. नको त्या खोल्यांच्या जाळ्या सरसकट बंद करू नका. डक्टमधला दाब वाढतो आणि यंत्रावर ताण येतो.

घर ६८ वर, दही लागत नाही!

लागणारही नाही, विरजणाला त्याहून बरीच जास्त ऊब लागते. त्यासाठी घर तापवू नका. भांडं ओव्हनमध्ये ठेवा आणि फक्त आतला दिवा लावा. इडलीचं पीठही तसंच. दारावर चिठ्ठी लावा, नाहीतर कोणीतरी ओव्हन चालू करतं.

हिवाळ्यात ओठ फुटतात, नाकातून रक्त येतं, तबला चढतो. हीटिंगमुळे का?

बाहेरच्या गार हवेत मुळातच बाष्प कमी. तीच हवा आत येऊन तापली की आर्द्रता आणखी खाली जाते. घरात ३० ते ५० टक्के आर्द्रता असावी. फर्नेसला ह्युमिडिफायर जोडलेला असेल तर त्याचा पॅड दर हिवाळ्याआधी बदला, नसेल तर खोलीत ठेवायचा आणा. काचांवर आतून पाणी साचायला लागलं तर आर्द्रता कमी करा, नाहीतर खिडकीच्या चौकटीत बुरशी धरते.

उन्हाळ्यात उलटी अडचण. तेव्हा फॅन ‘ऑटो’वरच ठेवा. ‘ऑन’वर ठेवला तर एसी थांबल्यावरही पंखा चालत राहतो, आणि गार कॉइलवर जमलेलं पाणी परत घरातल्या हवेत मिसळतं. आकडा ७५ आणि तरी चिकचिक, याचं कारण बरेचदा एवढंच असतं.

स्मार्ट थर्मोस्टॅट घरच्या घरी बसवता येतो का? घ्यावा का?

२४ व्होल्टची व्यवस्था असेल तर येतो. आधी ब्रेकर बंद करा, जुना डबा उघडा आणि कुठली तार कुठल्या अक्षराला जोडली आहे याचा फोटो काढा. रंगांवर विश्वास ठेवू नका, आधीच्या माणसाने हाताला आली ती तार वापरलेली असू शकते. ‘सी’ नावाची तार आहे का ते बघा, स्मार्ट थर्मोस्टॅटला सतत वीज बहुधा तीच पुरवते. ती नसेल तर अनेक कंपन्यांचा जोडसंच मिळतो. मात्र आत जाड तारा दिसल्या किंवा १२० वा २४० व्होल्ट लिहिलेलं दिसलं, तर तो भिंतीलगतच्या विजेच्या हीटरचा थर्मोस्टॅट आहे. तिथे साधा स्मार्ट थर्मोस्टॅट लावायचा नाही, इलेक्ट्रिशियनला बोलवा. भाड्याच्या घरात मालकाला आधी विचारा आणि जुना डबा जपून ठेवा.

घ्यावा का? रोजचा दिनक्रम ठरलेला असेल तर साधा प्रोग्रॅमेबल तेवढीच बचत करून देतो. वेळा सतत बदलत असतील किंवा बराच प्रवास असेल तर स्मार्ट घ्या. हे गॅजेट आहे, त्यालाही वय आहे. गुगलने नेस्टच्या पहिल्या दोन पिढ्यांच्या थर्मोस्टॅटचा सपोर्ट २५ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. ते भिंतीवरून चालतात, फोनवरून नाही.

वीज कंपनी सूट देत असेल तर जरूर घ्या, पण अटी वाचा. काही योजनांत मागणी वाढलेल्या दिवशी कंपनीला तुमचा आकडा बदलायची मुभा असते. जून २०२१ मध्ये टेक्सासात अनेकांना घर अचानक गरम झाल्यावर कळलं, की आपण अशा योजनेत नाव नोंदवलं होतं. बहुतेक योजनांत त्या वेळी हाताने आकडा परत बदलता येतो.

देखभाल काय लागते?

थर्मोस्टॅटला फारशी नाही. बॅटरीवर चालणारा असेल तर वर्षातून एकदा, थंडीआधी, बॅटऱ्या बदला. दसऱ्याला गाडीला हार घालता तेव्हाच बदलल्या तर लक्षात राहतं. झाकण काढून मऊ ब्रशने धूळ झाडा.

खरं लक्ष फर्नेसच्या फिल्टरकडे हवं. एक इंच जाडीचा फिल्टर एक ते तीन महिन्यांत बदलावा. रोज उदबत्ती आणि फोडणी असलेल्या घरात महिनाच धरा, आणि फोडणी देताना चिमणी चालू ठेवा. फिल्टरच्या कडेवरचा बाण हवा जाते त्या दिशेला, म्हणजे फर्नेसकडे हवा. सगळ्यात दाट जाळीचा महाग फिल्टर आणला म्हणजे उत्तम असं नाही. जुन्या फर्नेसला त्यातून हवा ओढता येत नाही. मर्व्ह (फिल्टर किती बारीक धूळ अडवतो ते सांगणारा आकडा) ८ ते ११ बहुतेक घरांना पुरतो.

स्क्रीन एकदम कोरी झाली. आता?

बॅटरी, मग ब्रेकर, मग फर्नेसजवळचा दिव्याच्या बटणासारखा दिसणारा स्विच. बेसमेंटमध्ये सामान ठेवताना तो कोणीतरी दिवा समजून बंद करतं. फर्नेसचं झाकण नीट बसलेलं नसेल तरी वीज तुटते. उन्हाळ्यात एसीच्या पाण्याची नळी तुंबली की सुरक्षेसाठी बसवलेला स्विच सगळं बंद करतो, तेव्हा तळातल्या ट्रेमध्ये पाणी आहे का ते पाहा. एवढं बघूनही स्क्रीन उजळली नाही तरच माणूस बोलवा.

डिसेंबरात महिनाभर भारतात जातोय. बंद करून जाऊ का?

अजिबात नाही. हिवाळ्यात ५५ च्या खाली जाऊ नका. भिंतीतले पाइप गोठून फुटले तर येणारा खर्च गॅसच्या बिलाच्या कितीतरी पट असतो. पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, बॅटऱ्या नव्या घाला आणि बाहेरच्या भिंतीलगतच्या सिंकखालची कपाटं उघडी ठेवा. शेजाऱ्याकडे किल्ली द्या आणि आठवड्यातून एकदा आकडा बघायला सांगा. वायफाय थर्मोस्टॅट फोनवर सूचना देतो खरा, पण फर्नेस बंद पडली तर कोल्हापुरात बसून तुम्ही काय करणार?

आमच्या न्यूयॉर्कच्या अपार्टमेंटमध्ये थर्मोस्टॅटच नाही!

मग इमारतीचं हीटिंग मालकाच्या हाती आहे, आणि त्याचा नियम शहराने घालून दिलाय. १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत बाहेर ५५ च्या खाली असेल तर घरात किमान ६८ हवेत. रात्री १० ते सकाळी ६ किमान ६२, बाहेर कितीही असो. खोलीत साधा थर्मामीटर ठेवा, दोन-तीन दिवस वेळ आणि आकडा लिहून ठेवा, मालकाला कळवा. त्याने दाद दिली नाही तर ३११ या शहराच्या फोन नंबरवर तक्रार करा.